अठरा पूर्ण होण्याआधी : स्वमग्न मुलाचं कॉलेज, दाखला आणि पालकत्व

खारघरच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सतरा वर्षं सात महिन्यांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. दिव्यांगत्वाचा दाखला अकराव्या वर्षी काढलेला, ६० टक्क्यांचा, तात्पुरता. बोलतो, पण गरजेपुरतं. हार्बर लाइनचं वेळापत्रक मात्र तोंडपाठ. दहावी राज्य मंडळाकडून लेखनिक घेऊन पास झाला आणि आता नेरूळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी कॉमर्सला आहे. दिवाळीनंतर कॉलेजने सांगितलं, "याला रोज आणू नका, परीक्षेपुरता आणा. आणायचंच असेल तर तुमच्या खर्चाने शॅडो, म्हणजे वर्गात सोबत बसणारा मदतनीस, ठेवा, नाहीतर कॉलेज सोडल्याचा दाखला काढून घ्या." त्याच महिन्यात बँकेने सांगितलं, की मुलगा अठराचा झाला की कायदेशीर पालकत्वाच्या आदेशाशिवाय खातं चालणार नाही. कॉलेजला असं करता येतं का, पालकत्व घ्यायलाच हवं का आणि आमच्यानंतर त्याचं काय, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

ताई, उत्तर लांबणार आहे, कारण तिन्ही गोष्टींची घाई सारखी नाही. कॉलेजचं काम या आठवड्यात करायचं, दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं या महिन्यात. पालकत्वाचा अर्ज मात्र सावकाश करा. उशीर झाला तरी चालेल, पण विचार न करता करू नका. मी ठाण्यात कोर्ट नाक्याला वकिली करते. गेली अठरा वर्षं माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये अशा मुलांचे आईवडीलच जास्त असतात. त्यांनी मला जे शिकवलं, त्यातूनच हे सांगतेय.

आधी कॉलेज. तुम्हाला जे जे सांगितलं गेलं ते सगळं तोंडी आहे. उपप्राचार्य बोलले, वर्गशिक्षिका बोलल्या, पण कागदावर एक ओळ नाही. बहुतेक ठिकाणी हे असंच होतं आणि ते चुकून होत नाही. वर्तकनगरच्या एका आठ वर्षांच्या मुलाचं प्रकरण माझ्याकडे आलं, तेव्हा त्याच्या आईजवळ अकरा महिन्यांच्या आठवणी होत्या. शाळेचे फोन, शिपायाकडून आलेले निरोप, "थोडे दिवस घरीच राहू दे" असं कितीदा तरी सांगितलेलं. सुनावणीत शाळेने हजेरीपट पुढे केला. आम्ही नकार दिलाच नव्हता, पालकांनीच पाठवणं बंद केलं, असं त्यांचं म्हणणं. हजेरीपटात खोटं काहीच नव्हतं, मुलगा खरंच गेला नव्हता. त्याचं वर्ष बुडालं. चूक त्या आईची नव्हती, ती भांडण टाळत होती. पण तिचं ते टाळणंच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभं राहिलं.

म्हणून आज रात्रीच प्राचार्यांना पत्र लिहा. मराठीत, अर्ध्या पानाचं. राग नको, कायद्याच्या कलमांची माळ नको. "अमुक तारखेला आपल्या कार्यालयात मला असे सांगण्यात आले की माझ्या मुलाला रोज वर्गात आणू नये. माझ्या समजण्यात चूक असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. तो उद्यापासून नेहमीप्रमाणे वर्गात हजर राहील." एवढं पुरे. खाली त्याला लागणाऱ्या सोयी लिहा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घालून पोच घ्या. पोच देत नसतील तर वाद घालू नका. बाहेर पडा, स्पीड पोस्टाने पाठवा, कॉलेजच्या ईमेलवरही पाठवा. आणि मुलाला दुसऱ्या दिवशी कॉलेजात न्या. पत्र लिहून मुलगा घरी ठेवला, तर पत्राला अर्थ राहत नाही.

सोयी मागताना "सहकार्य करावे" असं मोघम लिहू नका. प्रत्येक मुलाचं वेगळं असतं आणि तुमच्या लेकाला काय लागतं हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. दाराजवळची जागा. आवाज असह्य झाला तर न विचारता दहा मिनिटं बाहेर जाण्याची मुभा. तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी लेखी निरोप. तोंडी सूचना फळ्यावर किंवा चिठ्ठीवर. कानांवर हेडफोन. अडचण आली तर जायचं ते एक ठरलेलं माणूस, मग ते ग्रंथपाल असले तरी चालतील. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात यालाच वाजवी सोयीसुविधा म्हटलंय. दुसऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगे बदल, असा त्याचा अर्थ. तुमची यादी जितकी नेमकी आणि साधी, तितकं कॉलेजला "बोजा पडतो" म्हणणं अवघड.

शॅडोबद्दल कायदा काय म्हणतो तेवढंच सांगते. प्रत्येक मुलामागे स्वतंत्र मदतनीस संस्थेने स्वतःच्या खर्चाने द्यायलाच हवा, असं थेट वाक्य कायद्यात नाही. मात्र कलम १६ मध्ये गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्यायचा उल्लेख आहे, आणि प्रवेश भेदभावाविना द्यायचा असंही आहे. त्यामुळे माझी भूमिका नेहमी एकच असते. शॅडो उपयोगी असेल तर आपण त्याबद्दल बसून बोलू, पण "शॅडो आणा नाहीतर कॉलेज सोडल्याचा दाखला न्या" ही अट म्हणजे भेदभाव. याच अधिनियमाचं कलम ३ सांगतं, की दिव्यांगत्वाच्या कारणावरून वेगळी वागणूक दिली, तर ती रास्त हेतूसाठी आणि प्रमाणात होती हे दाखवावं लागतं. ते दाखवायचं काम कॉलेजचं, तुमचं नाही. पालक हे कलम फारसं वापरत नाहीत. माझ्या मते ते सगळ्यात उपयोगी आहे.

कलम १६ ची एक कमजोर बाजूही माहीत असू द्या, कारण समोरचा वकील तीच धरेल. त्यात शासन आणि स्थानिक प्राधिकरण यांनी, मान्यता किंवा अनुदान दिलेल्या संस्था सर्वसमावेशक शिक्षण देतील यासाठी "प्रयत्न करावा" असा शब्द आहे. म्हणून फक्त कलम १६ वर विसंबू नका, ३ आणि १६ जोडीने मांडा. मुलगा अठराचा होईपर्यंत कलम ३१ ही तुमच्या बाजूने आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे. तुमच्या हातात पाच महिने आहेत, तोवर पत्रव्यवहारात त्याचा उल्लेख करा. कलम १६ ला वयाची मर्यादा नाही.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी इथेच चार ओळी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, ६ ते १४ वयाचा. त्यात आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं पंचवीस टक्के राखीव जागांच्या वंचित गटात आली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलंय. ठाण्यात आणि वाशीत अशा शाळा बऱ्याच आहेत. तिथे शिक्षण हक्काचा अर्ज घेऊन जाऊन हात हलवत परतण्यापेक्षा २०१६ च्या अधिनियमाने सुरुवात करा.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर कनिष्ठ महाविद्यालयासाठी शिक्षण उपसंचालक, मुंबई विभाग यांच्याकडे तक्रार करायची. ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्हे याच विभागात येतात. त्याच दिवशी दुसरी तक्रार पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी एखाद्या प्राधिकरणाला शिफारस केली, तर काय कारवाई केली हे त्याने तीन महिन्यांत कळवायचं असतं. तिथे वकील लागत नाही, साध्या कागदावरची तक्रार चालते. उच्च न्यायालय ही एरवी शेवटची पायरी. पण कॉलेजने उद्या बोर्डाच्या परीक्षेचा अर्ज अडवला, तर तीन महिने थांबायला वेळ नसतो, तेव्हा थेट तिथेच जायचं. पैशांची काळजी करत असाल तर एक लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुम्हाला पनवेलची तालुका विधी सेवा समिती जवळ पडेल, नाहीतर १५१०० या क्रमांकावर विचारा.

बारावीच्या परीक्षेसाठी लेखनिक, जादा वेळ, वेगळी बैठक हे सगळं कॉलेजमार्फत वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातं. दहावीला मिळालं म्हणून बारावीला आपोआप मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. तासाला वीस मिनिटं जादा, या हिशेबाने तीन तासांच्या पेपरला त्याला एक तास जास्त मिळायला हवा. अकरावीच्या चाचण्यांमध्येही तो मागा आणि दिला गेला याची नोंद ठेवा. दाखल्याच्या टक्क्यांवरून कुणी अडवलं, तर विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्याचा २०२१ चा निकाल दाखवा. ४० टक्क्यांचा दाखला नसला तरी गरज असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय.

आता दाखला. तुमचा तात्पुरता आहे, म्हणजे त्यावर मुदत छापलेली असणार. आधी ती तारीख बघा. कित्येक पालक पालकत्वाचा सगळा गठ्ठा घेऊन येतात आणि दाखला चार महिन्यांपूर्वी संपलेला असतो. नवा अर्ज यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या, पोर्टलवर करायचा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय प्राधिकरणाकडे, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात मुलाचे उपचार चाललेत किंवा झालेत तिथे तो करता येतो.

मोजमाप बहुधा भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणीवर होतं. तिच्यात चाळीस विधानं असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सामाजिक नाती, भावना, बोलणं, वागण्याच्या तऱ्हा, संवेदना, आकलन असे सहा विभाग. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. यातल्या बऱ्याच विधानांची उत्तरं तुमच्या तोंडून घेतली जातात आणि घोळ होतो तो इथेच. आयुष्यभर मुलाचं कौतुक करायची सवय लागलेली आई वैद्यकीय बोर्डासमोरही म्हणते, "नाही हो, तसा शांत असतो. स्वतःचं स्वतः करतो." ते खोटं नसतं. पण सकाळी अंघोळीला दीड तास लागतो, बनियन उलटी घातली तर कुणीतरी सांगावं लागतं, भाजीत कोथिंबीर दिसली तर ताट भिरकावलं जातं, हे ती सांगत नाही. ते मुलाची बदनामी केल्यासारखं वाटतं तिला. मी किती आयांना हे समजावलंय. तिथे वाढवून काहीच सांगायचं नाही. पण तुम्ही पडद्यामागे दिवसभर जी मदत करता, ती मोजून सांगायची. जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा, कुठल्या कामाला त्याला किती वेळा सांगावं लागलं. ती वही बोर्डासमोर उघडा. टक्के कमी लागले असं वाटलं, तर त्याविरुद्ध अपील करायची तरतूद कलम ५९ मध्ये आहे. तुमच्या खारघरमध्येच बौद्धिक दिव्यांगजनांच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र. अलीकडचे मूल्यमापन अहवाल नसतील तर आधी तिथे चौकशी करा. बोर्डाला असे अहवाल दिसले, तर मुलाकडे पाच मिनिटं बघून निर्णय होत नाही.

आता पालकत्व. माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, जरी तुम्ही तो बँकेमुळे विचारलात.

मुलाला अठरा पूर्ण झाली, की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. मग तो बोलत असो वा नसो, ६० टक्के असोत वा ९०. त्यानंतर स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, अशी तिची रचना. आईवडील असतील तर दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. इथे नवी मुंबईकरांची हमखास चूक होते. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहेत. त्यांची समिती ठाण्याला, माझ्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे सगळं महसुली हिशेबात रायगड जिल्हा. लोकल, बाजार, सगळा संसार नवी मुंबईचा असला तरी तुमचा अर्ज अलिबागला जाणार. मुलाचं कॉलेज नेरूळला आहे म्हणून ठाण्याला अर्ज करून महिनाभर वाट बघू नका.

पण अर्ज करण्याआधी त्याच कायद्याचं कलम १४ वाचा. समितीने दोन गोष्टी बघायच्या असतात. या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कशासाठी. प्रत्यक्षात मी कित्येक अर्ज असे बघते, ज्यांत हे दोन्ही रकाने ठोकळेबाज वाक्यांनी भरलेले असतात. "मुलगा स्वतःचे व्यवहार करू शकत नाही. व्यक्ती व मालमत्ता, सर्व बाबींसाठी." झालं. प्रमाणपत्र फाइलला लागतं, घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं.

डोंबिवलीच्या एका मुलाचं सांगते. चोवीस वर्षांचा. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात बिलं संगणकावर चढवायचं काम त्याला मिळालं. अंकांत चूक नाही, वेळेत चूक नाही. पगाराचं खातं उघडताना बँकेने पालकत्वाचा आदेश बघितला आणि त्याची सही घ्यायला नकार दिला. पालक आहेत ना, मग याची सही चालणार नाही. नोकरीच्या करारावरही तोच प्रश्न. आईने सहा वर्षांपूर्वी, शेजारच्यांनी घेतला म्हणून, "असावा हाताशी" म्हणून तो आदेश घेतला होता. मुलगा स्वतःच्या पगाराला सही करू शकत नाही हे त्याला समजावताना ती माझ्यासमोर रडली. तो आदेश बदलून घ्यायला वर्षाहून जास्त गेलं.

२०१६ चा अधिनियम याबाबत वेगळी वाट दाखवतो. कलम १३ म्हणतं, दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. पुरेसा आधार देऊनही एखादा निर्णय घेता येत नसेल, तर ठरावीक निर्णयापुरता, ठरावीक काळापुरता पालक. त्यानेही त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे चालायचं. ते जिल्हा न्यायालयाकडून किंवा शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाकडून मिळतं. दोन कायदे, दोन वाटा, आणि दोन्ही आज चालू आहेत. ज्याला आयुष्यभर प्रत्येक व्यवहारात कुणीतरी लागणारच आहे, त्याच्यासाठी राष्ट्रीय न्यासाचं पालकत्व घ्यावं, उगाच तत्त्वासाठी अडून बसू नये. पण तुमचा मुलगा कॉमर्स शिकतोय, ताई. त्याच्यासाठी "सर्व बाबी" लिहिण्याआधी थांबा.

महिनाभर एक वही ठेवा, दाखल्यासाठीच्या वहीपेक्षा वेगळी. तीन भाग करा. एकट्याने काय करतो, कुणी समजावलं तर काय करतो, आणि समजावूनही काय जमत नाही. सीवूड्सला उतरून वडापावचे पैसे फोनवरून देतो का? पन्नास आणि पाचशे यातला फरक कळतो, पण पाच हजार आणि पन्नास हजार यातला कळतो का? ओटीपी मागितला तर अनोळखी माणसाला देईल का? डॉक्टरांनी विचारलं तर कुठे दुखतं ते सांगेल का? सही दर वेळी सारखी येते का? महिन्याच्या शेवटी बहुतेक घरांत असं निघतं, की रोजचं जगणं मुलगा बऱ्यापैकी निभावतो. अडतो तो घराच्या खरेदी-विक्रीपाशी, मोठ्या मुदत ठेवींपाशी, शस्त्रक्रियेच्या संमतीपाशी. मग अर्जात तेवढंच लिहा. ती वही अर्जाला जोडा.

पालकत्व घेतलंत तर त्याच्या जबाबदाऱ्याही घ्याव्या लागतात, हे आधी कुणी सांगत नाही. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. मालमत्तेत काही नसलं तरी "काही नाही" असं लिहून द्या. पालकाने हयगय केली किंवा पैसा खाल्ला, तर नातेवाईक किंवा संस्था समितीकडे जाऊन त्याला काढायला लावू शकते. आणि तुमच्यानंतर धाकटी लेक आपोआप पालक होत नाही, तेव्हा तिला नव्याने अर्ज करावा लागेल.

बँकेला काय सांगायचं? राष्ट्रीय न्यासाच्या समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, हे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलंय. त्याचा अर्थ प्रत्येक स्वमग्न माणसाला खात्यासाठी पालक लागतो असा होत नाही. शाखा व्यवस्थापकांना लेखी विचारा, मुलगा स्वतः येऊन व्यवहार समजून सही करणार असेल तर कोणत्या नियमाने नकार देता. बऱ्याचदा लेखी प्रश्न गेला, की नियम सापडत नाही आणि खातं उघडतं. त्याच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, मोठी रक्कम वेगळी.

तुमच्यानंतरचं थोडक्यात सांगते. प्रत्येक घराची मालमत्ता वेगळी असते आणि ते समोर बसूनच करायचं काम आहे. तुमचे यजमान निवृत्तिवेतनाच्या नोकरीत असतील, तर स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्याचं नाव आणि दाखला त्यांच्या सेवा नोंदीत आताच लागू द्या, ते गेल्यावर ही धावपळ फार जड जाते. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी पूर्णतः दिव्यांग मुलासाठी वयाची अट नाही. फ्लॅट मृत्युपत्राने थेट मुलाच्या नावावर करू नका. १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) करा, किमान दोन विश्वस्त घ्या, त्यातला एक नात्याबाहेरचा. सोसायटीत नामनिर्देशन केलं म्हणजे मालकी ठरली, हा गैरसमज तर घरोघरी आहे. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा अजून काढला नसेल तर काढा, एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्यासाठी ७५ हजारांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लोकलचं वेळापत्रक पाठ असलेला मुलगा म्हटल्यावर मला बोलावंच लागेल. असाच एक विशीतला मुलगा एका स्थानकावर रोज तासभर गाड्या बघत उभा राहायचा आणि गाडी आली की हात हलवायचा. एक दिवस पोलिसांनी त्याला नशेत आहे समजून धरलं. जितक्या मोठ्याने विचारलं, तितका तो गप्प झाला आणि स्वतःचा हात चावायला लागला. ते बघून संशय वाढला. तासाभराने खिशातलं यूडीआयडी कार्ड दिसलं. तोवर त्याच्यावर जे बेतायचं ते बेतलं होतं, पुढे कित्येक महिने तो स्टेशनकडे फिरकला नाही. तुमच्या मुलाच्या खिशात कार्डासोबत मराठी आणि हिंदीत चार ओळी असू द्या. मी स्वमग्न आहे, हळू बोला, हात लावू नका, हा फोन लावा. खारघर पोलीस ठाण्यात त्याच्या फोटोसह एक पत्र देऊन ठेवा आणि त्याचीही पोच घ्या.

आणि उलट बाजूने, त्याच्यावर कधी अत्याचार झाला तर. अठरानंतर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होत नाही. मानसिक वय लहान असलं तरी कायदा शारीरिक वयच धरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवलंय. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तरतूद आहे. जिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार आहे ती व्यक्ती दिव्यांग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, विशेष शिक्षक किंवा दुभाषाच्या हजेरीत माहिती नोंदवायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं. त्यात मोजलेले लैंगिक गुन्हे स्त्रियांवरचे आहेत, तरी पोलीस ठाण्यात या म्हटलं तर हे कलम सांगा आणि घरी येण्याचा आग्रह धरा.

आता अलिबागचा दिवस. समितीसमोर मुलाला न्यावं लागेल, त्यासाठी आधी फोन करून वेळ विचारा आणि पहिला नंबर मागा. गर्दीच्या व्हरांड्यात तीन तास बसून मग विचारलेल्या प्रश्नांवरून त्याची खरी क्षमता कुणालाच दिसणार नाही. हेडफोन, त्याचा डबा, त्याचं वेळापत्रकाचं पुस्तक बरोबर घ्या. आदल्या दिवशी त्याला कागदावर लिहून द्या, आपण कुठे जातोय, कोण काय विचारणार आहे. आणि अर्जावर सही करण्याआधी एकदा त्यालाच विचारा, तुझे मोठे व्यवहार कुणी बघावेत. बहिणीने, बाबांनी, की आईने? तो एका शब्दात सांगेल, कदाचित बोटाने दाखवेल, कदाचित दोन दिवसांनी सांगेल. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत अर्जात लिहा. विचारण्याचं काम त्याच्या ओळखीच्या शिक्षिकेवर सोपवा आणि त्या वेळी तुम्ही दोघं खोलीत थांबू नका.